नाताळचा दुसरा पेला

ता. २७ नोव्हेंबर १९४५, मंगळवार. सांगली.

शमूकडं गेलो. विश्रामबागेच्या पुढं मोकळ्या रानात त्यांचं घर, कौलारू, दारात दोन पपया. इटलीत दवाखान्याच्या जहाजावर चढवला त्याला, त्यानंतर आज बघितला. गड्यानं मानसुद्धा वळवली नाही. खाटेवर, भिंतीकडं तोंड.

त्याची आई म्हणाली, "असाच असतो रं बाळा. जेव म्हटलं की जेवतो. बोलत न्हाई."

मी बसलो. बडबड केली. कंपनीतल्या गमती, फौजी लंगरातल्या खानसाम्याची नक्कल. भिंत हसली असती, हा हसला नाही. शेवटी टोपी उचलली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तेव्हा मागनं आवाज आला.

"गणा. ते गरम विनो करशील का? नाताळला?"

बस्स. परत गप्प.

स्टेशनापर्यंत डोकं नुसतं तापलेलं. सगळ्या दुनियेत मागायला तुला तेवढंच सापडलं? मागल्या नाताळला इटलीत तेच, तिथली द्राक्षाची दारू, पाजलं होतं मी त्याला. दोन पेले. दुसरा त्यानं मागितला नव्हता, मी हातात कोंबला. त्यानंतर तासाभरात त्याची लॉरी दरीत गेली आणि मागं बसलेली चार माणसं मेली.

आता ही मागणी समजू का शिवी? सरळ शिवी दिली असतीस तर उपकार झाले असते.

ता. २९, गुरुवार. गाव.

दादाचं गुऱ्हाळ लागलंय. "चुलवाणापाशी बस, जाळ घाल, दुसरं काय करू नगंस." बसलो. दोन तास बसलो, खोटं नाही. मग सडकेला मोटार बंद पडल्याचा आवाज आला. कारब्युरेटरमध्ये कचरा होता, मी सांगितलं म्हणून निघाला तरी. परत येतो तर काहील करपलेली.

दादा : "तुला सरकारनं चार वर्सं कसं पोसलं रं?"

मग शमूचं निघालं. "त्या किरिस्तावाच्या घरी पानी पिलास न्हवं?"

"जेवलो."

"मंग तुझं ताट भाईर."

इटलीत एका डब्यात दोघं खात होतो, तेव्हा दादाला माझी मनीऑर्डर बाटली नाही. ताट घेतलंच नाही. गुळाची एक ढेप काखेत मारली आणि निघालो. चोरी नाही. त्या उसात माझा पण वाटा आहे.

ता. १ डिसें., शनिवार. सातारा.

आक्काकडं उतरलोय. दाजी कचेरीत कारकून, सकाळी टोपी घालून जातात, संध्याकाळी टोपी काढतात, मध्ये काही नाही. माझ्याकडं बघून फक्त खोकतात.

कॅम्पातल्या दुकानात गेलो. द्राक्षाची लाल विनो आहे का? दुकानदारानं माझ्या पायातल्या वहाणा बघितल्या. "साहेबाची चिठ्ठी आणा." लढाईत मरायला चिठ्ठी लागली नाही. आता बाटलीला लागते.

मग घरीच करीन. खानसामा मनुक्यांची करायचा, मी बघितलंय. लष्करी कांबळं दिलं आणि त्याच्या बदली काळे मनुके घेतले. थंडीच्या दिवसांत कांबळं विकणारा मी एकटाच असेन साताऱ्यात.

ता. ३, सोमवार.

घातलं एकदाचं. मनुके ठेचले, कोमट पाणी, दादाची ढेप, वर फडकं. आक्कानं लोणच्याची बरणी दिली. तीन पाण्यानं धुतली म्हणते. अजून मोहरीचा वास मारतोय.

"काय हाय रं ह्यात?"

"औषद."

"कशाचं?"

"सर्दीचं."

"सर्दीला येवढी बरणी?"

"सांगलीला लय सर्दी हाय."

माळ्यावर जोंधळ्याच्या पोत्यामागं ठेवली. रोज ढवळायचं, तीन आठवडे. आबकारीवाल्यांना वास लागला तर दाजींची टोपी जाईल. मी गाळत नाही, नुसतं आंबवतोय. पण हा फरक फौजदाराला कोण समजावणार.

ता. ६, गुरुवार. म्हसवड.

इथं कसा आलो मलाच कळेना. परवा विडी आणायला स्टँडवर गेलो, एक लॉरी सिद्धनाथाच्या जत्रेला निघालेली, क्लीनर आजारी. चढलो.

काल रथ ओढला. गुलालानं अजून कान लाल आहेत. दोरखंडाला शे-दोनशे माणसं, चाकाखाली लाकडाची उटी सारून अडवणारे निराळे, पुढं ओरडणारे निराळे. जरा कलला की सगळे बोंबलतात, थांबतो. येवढं मोठं धूड, कुणाला खरचटलं नाही. आणि आमच्या लॉरीला, उतारावर, बर्फात, एकटा शमू. उटी लावायला कोण नव्हतं. मी तर लंगरात हात शेकत होतो.

दोरखंड सोडला आणि बाजूला जाऊन बसलो. लोक म्हणाले, उन्हानं.

बरणी! तीन दिवस ढवळली नाही. थू माझ्या जिंदगानीवर.

ता. ८, शनिवार. सातारा.

फडकं उडालेलं. फेस उतू जाऊन जोंधळ्यात. माळा, जिना, माजघर, सगळीकडं वास. आक्का दारातच उभी, पदर खोचून.

"गणा, ही सर्दी न्हाई. ही दारू हाय."

"आक्का, ऐक तरी..."

"तुझं दाजी विचारत्यात कसला वास. म्या सांगितलं गूळ सांडला. लगीन झाल्यापासनं पयलं खोटं बोलले मी त्यांच्याशी, ते बी तुझ्या बरणीपायी!"

मग मी पण ओरडलो. ओरडता ओरडता सगळं सांगून टाकलं. शमू, लॉरी, दोन पेले. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आक्का जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "रोज ढवळायचं असतं व्हय?"

"व्हय."

"मंग मी ढवळीन. तुझ्या भरवशावर लोणचं बी घालू नये कुणी."

शमूच्या वडलांना कार्ड टाकलं. मास्तर आहेत ते शाळेत, आणि त्यांच्या देवळात पुढच्या बाकावर बसणारे. चोरून नेण्यापेक्षा विचारलेलं बरं, असं आक्काचं म्हणणं.

ता. १३, गुरुवार.

मास्तरांचं उत्तर आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर दगडासारखा. "आमच्या घरात मद्य येणार नाही. शमुवेलविषयीची आपली कळकळ समजते. नाताळास अवश्य यावे, परंतु रिकाम्या हाताने यावे."

रिकाम्या हाताने! घरी आल्यापासनं नऊ महिने तुमचा पोरगा भिंतीकडं बघतोय, त्याला कुठल्या स्तोत्रानं फिरवलंत तुम्ही? शमूनंच सांगितलं होतं, यांच्या देवळात प्रभुभोजनाच्या विधीला विनोऐवजी मनुके उकळून रस काढतात, आंबू म्हणून देत नाहीत. देवाला पण काढा.

कार्ड फाडलं. मग तुकडे गोळा केले. फुकट गेले, जुळेनात.

तरी नेणार.

ता. १६, रविवार.

आज चाखलं. आंबट, वर मोहरी, खाली जरा झिणझिण. होतंय.

एकदा लिहून टाकतो, परत लिहिणार नाही. आमचा लंगर एका शेतकऱ्याच्या घरात होता. खाली बैल, वर माणसं, अगदी आपल्याकडच्यासारखं, फक्त बर्फ गुडघाभर. म्हातारी चुलीवर तांबड्या विनोचं भांडं ठेवायची. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. कडेला बुडबुडा धरला की उतरवायची. उकळू दिलं तर पळी घेऊन मारायला यायची. नाताळचा दिवस. शमू म्हणाला, आज माझा सण, एक पेला घेतो. घेतला. पुरे म्हणाला. मी म्हणालो, "सण तुझा हाय का माझा? घे की." दुसरा कोंबला. दात काढत पिला.

तेवढ्यात हुकूम आला, पुढच्या ठाण्यावर रेशन आणि चार माणसं पोचवायची. दुसरा ड्रायव्हर तापानं पडलेला. शमू उठला. सरळ चालत गेला, मी बघत होतो. अगदी सरळ.

साहेबानं चौकशीत लिहिलं, बर्फ. खानसामा म्हणाला, बर्फ. सगळे म्हणाले, बर्फ. मला कुणी विचारलंच नाही. शमूला विचारलं, तर तो तेव्हापासून गप्पच आहे.

एकदा म्हण की रे, बर्फ. नाहीतर म्हण, गणा. काहीतरी एक म्हण.

ता. २०, गुरुवार.

आक्काच्या जुन्या लुगड्यातनं गाळलं. दोन बाटल्या भरल्या. रंग तांबडा नाही आला. जोड्याच्या पॉलिशसारखा आलाय. आक्का म्हणाली आमसूल घालू. नको म्हटलं तरी एका बाटलीत घातलंच.

दाजी जिन्यात भेटले. खोकले. मग म्हणाले, "सर्दी केव्हा जाणार सांगलीला?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि हा माणूस गप्प! आणि मी त्याला नुसती टोपी समजत होतो. याचा पण राग आला.

ता. २३, रविवार. सांगली.

कोरेगावहून गाडी. खिडकीपाशी उभा, बाटल्या पोटाशी. वाटेत एका बाटलीचं बूच उडालं, आमसूलवालीच. समोरच्याचं धोतर भिजलं.

"काय पावनं, बार उडवताय व्हय?"

सगळा डबा हसला. मी शिव्या दिल्या. मग त्यानंच बूच शोधून दिलं. एक भरलेली आणि एक अर्धी, एवढं पोचलं.

स्टेशनजवळच्या धर्मशाळेत पथारी. उद्या मास्तर संध्याकाळी देवळात तयारीला जातात, तेव्हा ये म्हणून शमूच्या आईनं निरोप धाडलाय. म्हणजे तिला पण कळलंय. मी येताना काय आणतोय हे ज्याला कळायला नको तो सोडून सगळ्यांना कळलंय.

ता. २४, सोमवार.

आजचं आजच लिहितो.

पाचला गेलो. मास्तर गेलेले. आईनं पातेलं आधीच घासून ठेवलेलं. मी म्हटलं, "मास्तरांना कळलं तर?"

ती म्हणाली, "मला माझ्या लेकाचा आवाज ऐकायचाय. मंग त्यात दारू असू दे न्हाईतर राकेल."

ओतलं. दालचिनी, लवंगा, जायफळ. आणि संत्रं विसरलेलो! सालीशिवाय तो वास येत नाही. वळणावर बाजार आहे, पळत जाऊन येतो म्हटलं. तिला दोनदा बजावलं, "मंद जाळ. नुस्तं गरम. कडंला बुडबुडा दिसला की उतरवा."

"व्हय व्हय, जा तू."

संत्रं मिळालं. येताना मिरजेच्या रस्त्याला उसाची लॉरी चरीत गेलेली, एक चाक हवेत. ड्रायव्हर कडेला बसलेला, डोकं हातात. मला पुढं जाता येईना. खरंच जाता येईना. चाकाखाली दगड लावले, ऊस उतरवायला लावला, सात-आठ जणांना हाका मारून ढकलली. निघाली. ड्रायव्हरनं मिठी मारली मला, त्याच्या तोंडाला वास होता. त्याला मारणार होतो मी. हात उचललेला. मग खाली घेतला.

तोवर अंधार पडला होता. दीड तास.

दारातच वास आला. गोड, जड, खोकल्याचा. पातेल्याच्या बुडाशी काळं, चिकट, मधासारखं.

"काय केलंत?"

"चाराचा एक केला रं. कच्चा काढा पाजू नये, छातीला बाधतो."

काढा! तीन आठवडे, माझं कांबळं, आक्काचं खोटं, दाजींची नोकरी, सगळं वाफ होऊन कौलातनं गेलं! ओरडलो मी. त्या बाईवर, तिच्याच चुलीपुढं. "तुमाला सांगितलं हुतं, उकळू नगा! दोनदा सांगितलं हुतं!" ती पदर तोंडाशी धरून उभी. लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

आणि मागं मास्तर. हातात कंदील. कधी आले कळलं नाही.

"मी कार्डात काय लिहिलं होतं?"

त्यांनी पातेलं उचललं, वास घेतला. बोट बुडवून चाटलं. कपाळावरची आठी हलली. "हा तर प्रभुभोजनाचा रस आहे," म्हणाले. "यात मद्य कुठे आहे?"

"तुमच्या मंडळींनी उकळून मारलं ते," मी म्हणालो. त्यांना हसू आलं असावं. त्या हसण्यानं मी आणखी पेटलो.

तेवढ्यात आतलं दार वाजलं. शमू. दाराच्या चौकटीला धरून उभा. वासानं आला असेल. आई जागची हलली नाही, पाखरू उडेल अशी.

चार पेले काढले. प्रत्येकात दोन-तीन घोट, जास्त नाही. शमूनं पेला दोन्ही हातांत धरला, म्हातारी धरायची तसा. हुंगला. पिला. बराच वेळ आत बघत राहिला. मग पेला माझ्यापुढं केला.

"दुसरा दे."

मी पातेलं उलटं करून दाखवलं. "न्हाई. येवढंच झालं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत.

"तवा हुता," म्हणाला.

माझ्या डोक्यात काय झालं सांगता येत नाही. "व्हय, हुता! म्या दिला! तू नगं म्हनत हुतास, म्या कोंबला! का घेतलास? माझ्या तोंडावर का न्हाई फेकलास? वरीसभर भिंतीला काय सांगतोयस, मला सांग की!"

पेला त्यानं जमिनीवर ठेवला. हळू, आवाज न करता. आत गेला, दार ओढून घेतलं.

मास्तर म्हणाले, "काय झालं होतं तिथे?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. सरकारी कागदात बर्फच होता. मी सांगितलं, उभ्या उभ्या, सगळं. शमूची आई खाली बसली. बाहेर देवळातली मंडळी नाताळची गाणी म्हणत दारापर्यंत आली, दोन कडवी म्हटली, थांबली. आमच्यातलं कुणी दार उघडलं नाही. मग ती पुढच्या घरी गेली.

ता. २५, मंगळवार.

रात्री जा म्हणून कुणी सांगितलं नाही, ओसरीवर पडलो. कांबळं नव्हतंच. पहाटे जाग आली तर अंगावर गोधडी. कुणी घातली माहीत नाही. विचारलं नाही.

पिशवी भरली. पहिल्या गाडीनं सुटायचं. साताऱ्याला नाही, गावाला नाही. शिरवळपर्यंत कुठली तरी लॉरी मिळेल, तिथनं पुढं पुणं, पुढं काहीतरी. वहाणा घालत होतो तेव्हा मास्तर बाहेर आले. धुतलेला कोट, हातात कागद-पेन्सिल. वाटलं, आता उपदेश. मी तोंड उघडायच्या तयारीत.

"मागे चौघे होते म्हणालास."

"व्हय."

"त्यांची नावं लिहून दे. आज प्रार्थनेत वाचीन."

"त्यात किरिस्ताव कोण नव्हता, मास्तर."

"मी ते विचारलेलं नाही."

शाळेत मास्तर पाटी देतात तशी पेन्सिल पुढं केली. घेतली. लिहिलं.

१. धोंडी, कराडकडचा.
२. काशिनाथ, ह्याची नुकती सोयरीक ठरलेली.
३. रहीम, मिरजेचा, बासरी वाजवायचा.
४.

चौथा. उंच, दातात फट. लॉरीत चढताना मला म्हणाला होता, "आमाला न्हाई व्हय रं विनो?" मी म्हणालो, परत आल्यावर. तोंड डोळ्यांपुढं आहे, आवाज कानात आहे. नाव येत नाही. वर्षभर चार मोजतोय, रोज चार, आणि माझ्याकडं नावं तीनच! येवढा जीव जाळला तो कुणासाठी? स्वतःच्या पेल्यासाठी नुसता?

मास्तर घड्याळ बघेनात. पाय जोडून उभे आहेत. देवळाची घंटा एकदा झाली.

आत गेलो. शमूच्या दाराला कडी नाही. ढकललं असतं तर उघडलं असतं. ढकललं नाही. बाहेरच बसलो, दाराला पाठ लावून, आणि विचारलं, "शमू, चौथ्याचं नाव काय रं? दातात फट हुती बघ. मला आठवंना."

डोकं मागं दाराला टेकवलं.

परत विचारलं. कालच्यासारखा ओरडलो नाही.

आई चुलीपाशी. तिनं फुंकणी खाली ठेवलीय.

आत खाट करकरली. अजून आवाज नाही. तोवर वहीत हे लिहितोय, मास्तरांचा कागद मांडीवर. चारचा आकडा घालून ठेवलाय, पुढची जागा कोरी आहे. पेन्सिल थांबवतो, आत शमू काहीतरी म्हणाला.